२३८ वेळा हरलेला पैलवान शेवटी थांबला. तुमच्या धंद्याची थांबण्याची रेषा कुठे आहे?



चॅनेलवर आपण जिंकलेल्यांच्या गोष्टी खूप ऐकतो. कुणी दहा हजारांत धंदा सुरू केला आणि कोटीत गेला, कुणाला सतरा बँकांनी नकार दिला आणि अठराव्या बँकेने कर्ज दिलं. ऐकायला छान वाटतं. पण व्हिडिओखाली एक प्रश्न कायम येतो: "सर, दोन वर्षं झाली, अजून जमत नाहीये. चालू ठेवू की बंद करू?"

याचं उत्तर जिंकलेल्यांच्या गोष्टीत सापडत नाही. म्हणून आज एका हरलेल्या माणसाची गोष्ट घेऊ. जपानच्या सुमो कुस्तीतली. ही गोष्ट शेवटपर्यंत वाचा, कारण हिच्यात हसण्यासारखं फार थोडं आहे आणि शिकण्यासारखं भरपूर.

कोण हा पैलवान?

सुमोत पैलवानाला लढण्यासाठी वेगळं नाव मिळतं. याचं नाव हात्तोरीझाकुरा. टोकियोजवळच्या कानागावा प्रांतातल्या चिगासाकी गावचा मुलगा. २०१५ साली, शाळकरी वय संपतं न संपतं तोच, तो शिकिहिदे नावाच्या सुमो तालमीत दाखल झाला. अंगाने किडकिडीत. आपण टीव्हीवर सुमो म्हटलं की जो डोंगर बघतो, त्याच्या निम्म्या वजनाचा.

इथे पहिली महत्त्वाची गोष्ट. ऑलिम्पिकच्या कुस्तीत वजनी गट असतात. ५७ किलोवाला ५७ किलोवाल्याशीच लढतो. व्यावसायिक सुमोत वजनी गट नाहीत. समोर कोण येईल, तो किती किलोचा असेल, हे तुमच्या हातात नाही. बाजाराचं पण असंच आहे ना? तुमच्या चौकातल्या किराणा दुकानाला कोणी सांगत नाही, "तुम्ही छोटे, म्हणून तुमच्यासमोर छोटेच येतील." समोर मॉल येतो, दहा मिनिटांत सामान पोचवणारं ॲपही येतं.

तर या मुलाचा हिशोब बघा. २०१५ ते २०२१. एकूण विजय ३. एकूण हार २३८. गैरहजेरी १. शंभर लढतींत सरासरी सव्वा विजय. मध्ये एकदा तो सलग ८९ लढती हरला आणि सगळे जुने विक्रम मागे पडले. तिसरा विजय मिळाला आणि मग पुढच्या सलग १०४ लढती तो हरला. पुढे नाव बदललं, शोनानझाकुरा केलं. त्यात 'विजय' या अर्थाचं चिनी अक्षर मुद्दाम घातलं. तरी निकाल बदलला नाही. २०२१ची जुलै स्पर्धा ही त्याची शेवटची. त्यानंतर वयाच्या २३व्या वर्षी तो निवृत्त झाला.

आता तुमच्या मनात दोनपैकी एक विचार आला असेल. एक, "काय जिद्द आहे राव!" दोन, "काय वेडेपणा आहे!" दोन्ही विचार घाईचे आहेत. आधी त्या मैदानाचे नियम समजून घेऊ. धंद्यातही मी हेच सांगतो. निकालावर बोलण्याआधी नियम समजून घ्या.

तळाची पायरी कशी असते

सुमोत सहा पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची माकुउची, तिथे ४२ पैलवान. तिच्याखाली जुर्यो, तिथे २८. म्हणजे वरचे मिळून ७०. एकूण पैलवान साधारण सहाशे. पगार मिळतो तो फक्त या ७० जणांना. जुर्योला महिन्याला साधारण ११ लाख येन, आणि सर्वोच्च योकोझुनाला ३० लाख.

बाकी चार पायऱ्यांवरच्या पाचशेहून जास्त पोरांना पगार शून्य. त्यांना वर्षाच्या सहा स्पर्धांमध्ये, दर स्पर्धेमागे थोडा भत्ता मिळतो. सगळ्यात खालची पायरी म्हणजे जोनोकुची. तिथे २०१९ पासून हा भत्ता ७७ हजार येन आहे. त्या वेळच्या दराने आपले साधारण पन्नास हजार रुपये, आणि ते पण दोन महिन्यांतून एकदा. टोकियोसारख्या भागात तेवढ्यात खोलीचं भाडं पण निघत नाही.

मग हा मुलगा जगत कसा होता? कारण राहणं आणि खाणं तालमीत. सकाळी उठायचं, उपाशीपोटी सराव करायचा, झाडलोट करायची, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा आणि वरचे जेवून उठले की शेवटी आपण जेवायचं. थंडीतसुद्धा बाहेर जाताना अंगावर साधा सुती युकाता आणि पायात लाकडी खडावा, कारण तळाच्या पैलवानाला ओव्हरकोटची परवानगी नाही. तालमीला मात्र प्रत्येक शिकाऊ पैलवानामागे सुमो संघटनेकडून पैसे मिळतात. म्हणजे तो जिंकला काय, हरला काय, त्याचा खर्च दुसरं कोणीतरी उचलत होतं.

अजून एक नियम. स्पर्धेत हरलात की क्रमवारीत खाली जाता. पण जोनोकुचीच्या खाली पायरीच नाही. तिथे तुम्ही हजर राहून लढलात तर यादीत राहता, सगळ्या लढती हरलात तरी. याच दोन नियमांमुळे २३८ वेळा हरणं शक्य झालं. खर्च दुसऱ्याचा, आणि खाली पडायला जागा नाही.

पहिला प्रश्न: तुमच्या हरण्याचा खर्च कोण भरतंय?

मित्रांनो, "जिद्द सोडू नका" हे वाक्य स्टेजवरून म्हणायला सोपं आहे. पण जिद्दीचं बिल येतं, आणि ते कोणाच्या नावावर येतं हे बघायला हवं.

आपल्याकडच्या तालमीत पोरगा शिकतो तेव्हा खुराक घरून येतो. दूध, तूप, बदाम. बाप शेतात राबतो आणि खुराकाचे पैसे पाठवतो. पोरगा मैदान मारतो की नाही हे नंतर कळतं, खर्च आधीच होऊन गेलेला असतो. आपल्या छोट्या धंद्यांचं पण हेच होतं. फरक एवढाच, की धंद्याचा खुराक दिसत नाही. तो बायकोच्या पगारात लपलेला असतो, वडिलांच्या पेन्शनमध्ये लपलेला असतो, आणि सगळ्यात जास्त तुमच्या फुकटच्या मेहनतीत लपलेला असतो.

एक उदाहरण करू. वही-पेन घ्या. समजा तुमचं पोळीभाजी केंद्र आहे.

महिन्याची विक्री: ९०,००० रुपये.
कच्चा माल: ४८,०००.
गाळ्याचं भाडं: १२,०००.
मदतनीस: १०,०००.
गॅस आणि वीज: ७,०००.
पॅकिंग आणि डिलिव्हरी: ८,०००.
एकूण खर्च: ८५,०००. शिल्लक ५,०००.

तुम्ही म्हणाल, "सर, थोडा का होईना, फायदा आहे." थांबा. तुम्ही स्वतः रोज दहा तास उभे आहात. तेच काम दुसऱ्याकडे केलं तर कमीत कमी १५,००० मिळतील. तुमच्या घरातलं माणूस रोज चार तास पोळ्या लाटायला येतं, त्याचे धरा ६,०००. आता हिशोब परत करा. ५,००० शिल्लक, त्यातून २१,००० गेले. म्हणजे महिन्याला १६,००० चा तोटा. दोन वर्षांत ३ लाख ८४ हजार. एवढा खुराक तुमच्या घराने धंद्याला घातला, आणि त्याची पावती कुठेच नाही.

याचा अर्थ केंद्र उद्याच बंद करा, असा नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक धंदा घरचं खातोच. पण तो आकडा माहीत असायला हवा आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवा. ज्याच्या पैशावर आपण हरतोय त्याला न विचारता हरत राहणं, ही जिद्द नव्हे. ती उधारी आहे, आणि वहीत न लिहिलेली उधारी सगळ्यात महाग पडते.

दुसरा प्रश्न: तुम्ही हळू चढताय की जागेवर उभे आहात?

आता कोणी म्हणेल, "सर, काहींना वेळ लागतो." अगदी बरोबर. याच शिकिहिदे तालमीचे वस्ताद बघा. जपानीत वस्तादाला ओयाकाता म्हणतात. ते पूर्वी किताझाकुरा या नावाने लढायचे. त्यांना पगाराची जुर्यो पायरी गाठायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. १९८७ ला सुरुवात केली, पुढे माकुउचीपर्यंत पोचले आणि २०१० ला निवृत्त झाले. म्हणजे उशीर होणं हा गुन्हा नाही.

मग गुरूचा उशीर आणि शिष्याची हार यात फरक काय? क्रमवारीचा कागद उघडला की फरक दिसतो. गुरू हळू हळू का होईना, पायऱ्या चढत होते. शिष्य सहा वर्षांत सगळ्यात खालच्या पायरीवरून हललाच नाही.

सुमोत हे मोजायला फार सोपा नियम आहे, आणि तो मला धंद्यासाठी जाम आवडतो. खालच्या पायऱ्यांवरचे पैलवान १५ दिवसांच्या स्पर्धेत ७ लढती लढतात. ७ पैकी ४ जिंकल्या की काची-कोशी, म्हणजे जमेची बाजू, आणि पुढच्या वेळी वर चढायचं. ३ किंवा कमी जिंकल्या की माके-कोशी, खाली. सगळ्या लढती जिंकायची अट नाही. निम्म्याहून जास्त. बस्स! आणि हा हिशोब दर दोन महिन्यांनी होतो, वर्षाच्या शेवटी नाही.

तुम्ही पण हेच करा. धंद्याच्या सात गोष्टी निवडा आणि दर दोन महिन्यांनी मागच्या दोन महिन्यांशी तुलना करा:

१. विक्री वाढली का?
२. एका ऑर्डरमागे हातात राहणारे पैसे वाढले का?
३. परत येणारी गिऱ्हाइकं वाढली का?
४. येणं असलेली उधारी कमी झाली का?
५. माल फुकट जाणं कमी झालं का?
६. घरातून धंद्यात घातलेले पैसे कमी झाले का?
७. तुमच्याशिवाय एक दिवस दुकान चाललं का?

सातपैकी चार "हो" आले की तुम्ही चढताय. विक्री अजून छोटी असली तरी काळजी करू नका, लढत राहा. तीन किंवा कमी आले तर एक गोष्ट बदला आणि पुढचे दोन महिने बघा. सलग तीन वेळा, म्हणजे सहा महिने, तीनच्या वर गेलात नाही, तर तुम्ही जागेवर उभे आहात. तिथे "अजून थोडं थांबून बघू" हे उत्तर चालणार नाही.

सण, पावसाळा, लग्नसराई यामुळे आकडे वरखाली होतात, हे मान्य. दिवाळीच्या दोन महिन्यांची तुलना मागच्या दिवाळीशी करा. पण "आमच्या धंद्यात सीझन असतो" हे कारण बाराही महिने वापरू नका.

तिसरा प्रश्न: लढण्याआधीच पडताय का?

हात्तोरीझाकुराच्या कारकिर्दीतला एक प्रसंग जपानमध्ये खूप गाजला. सप्टेंबर २०१६ ची स्पर्धा. समोरच्याची भीती बसली होती. लढत सुरू झाली आणि तो धडक न देता आपणच जमिनीवर टेकला. पंचांनी परत सुरू करायला लावली. तो परत तसाच पडला. लोक हसले, आणि नंतर अधिकाऱ्यांनी त्याला समज दिली. सुमोत हरायला बंदी नाही. न लढता हरायला आहे.

त्याच्यावर हसायच्या आधी आपल्याकडे बघू. दुकान दहाला उघडायचं, पण अकरा वाजता उघडतो, "तसंही कोणी येत नाही" म्हणून. भाव सांगताना गिऱ्हाईक काही बोलायच्या आधीच आपण म्हणतो, "करून देतो ना कमी." वसुलीचा फोन करायचा असतो, पण नंबर काढतो आणि परत खिशात ठेवतो. प्रदर्शनात स्टॉल घेतो आणि मागे खुर्चीत मोबाईल बघत बसतो. समोरच्याने ढकलायच्या आधी आपणच खाली बसलेलो असतो. मग संध्याकाळी म्हणतो, "मार्केट डाऊन आहे."

म्हणून हरण्याचा हिशोब करताना दोन रकाने करा. एकात लढून हरलेले दिवस, दुसऱ्यात न लढता हरलेले दिवस. दुसरा रकाना भरलेला असेल तर धंदा बंद करायचा की नाही हा प्रश्न तुम्हाला विचारायचाच नाही. तुम्ही अजून धंदा केलेलाच नाही! आधी दोन महिने सातही लढती नीट लढा, मग निर्णय घ्या.

आणि त्या मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या समजेनंतर तो तालीम सोडून पळाला नाही. पुढची जवळपास पाच वर्षं उतरत राहिला. पूर्ण कारकिर्दीत गैरहजेरी फक्त एक. आज हरणार हे जवळपास नक्की असताना, सकाळी साडेआठच्या सुमाराला, रिकाम्या खुर्च्यांसमोर मातीवर चढायचं. हे सोपं नाही. हजर राहणं ही त्याची खरी कमाई. ती तुम्ही जरूर घ्या.

चौथा प्रश्न: टाळ्या आणि गल्ला, दोन्ही वेगळे मोजताय ना?

हरता हरता हा मुलगा प्रसिद्ध झाला. तळाच्या पैलवानाला सहसा कोणी ओळखत नाही. याच्या लढतीला मात्र लोक वाट बघायचे, नाव घेऊन ओरडायचे. पण टाळ्यांनी क्रमवारी बदलली नाही. भत्ता तोच, पायरी तीच.

जपानमधलंच दुसरं उदाहरण बघा. कोची नावाच्या शहरातल्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची घोडी होती. आयुष्यात ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. ते रेसकोर्स तेव्हा आर्थिक अडचणीत होतं. पण या हरणाऱ्या घोडीची बातमी देशभर झाली, आणि लोक तिच्या नावाची तिकिटं विकत घ्यायला लागले. तिच्यावर लावलेला पैसा कधी "लागत" नाही, म्हणून ते तिकीट अपघात "लागू" नये यासाठी ताईत म्हणून ठेवायचे. मार्च २००४ मध्ये जपानचा नामवंत जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. रेसकोर्स तुडुंब भरलं. ती त्या दिवशी पण हरली. गल्ला मात्र भरला.

नीट बघा, गल्ला कोणाचा भरला? तिकीट विकणाऱ्याचा. हरणं ही वस्तू म्हणून विकली गेली, पण दुकान रेसकोर्सचं होतं.

आपल्याकडे आज हे फार होतंय. रीलला दोन लाख व्ह्यूज, कमेंटमध्ये "दादा, तुमच्या जिद्दीला सलाम", आणि दिवसाला ऑर्डर चार. "मराठी माणूस धंद्यात उतरला" म्हणून लोक कौतुक करतात, स्टेटस ठेवतात, आणि सामान दुसरीकडून घेतात. कौतुक करणाऱ्याचा राग धरू नका. फक्त रात्री गल्ला मोजताना कौतुक त्यात धरू नका. आणि व्ह्यूज खरंच येत असतील, तर त्या व्ह्यूजचं तिकीट तुम्ही विकताय का, हे बघा. व्हिडिओखाली ऑर्डरचा नंबर आहे का? भाव लिहिलाय का? नसेल तर गर्दी तुमची आणि गल्ला दुसऱ्याचा.

शेवट: नीट थांबणं हे पण एक काम आहे

सुमोत निवृत्तीचा एक विधी असतो, दानपात्सु-शिकी. पैलवानाची शेंडीसारखी बांधलेली केसांची गाठ कापतात. मोठ्या पैलवानाचा विधी टोकियोच्या कोकुगिकान सभागृहात होतो, लहानाचा तालमीत किंवा एखाद्या हॉलमध्ये. पैलवान मधे बसतो. घरचे, मित्र, आश्रयदाते एकेक करून पुढे येतात, कात्रीने थोडे थोडे केस कापतात. शेवटची कात्री वस्तादाची. त्यानंतर तो माणूस पैलवान राहत नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. थांबणं लपवून ठेवत नाहीत. ज्यांनी साथ दिली त्यांच्या समोर, त्यांच्या हाताने, रीतसर थांबतात.

आपल्याकडे काय होतं? एक दिवस शटर खाली येतं आणि परत उघडत नाही. फोन बंद. दूधवाला, पॅकिंगवाला, गाळ्याचा मालक, सगळे शोधत फिरतात. बुडालेल्या धंद्यापेक्षा जास्त नुकसान या पळून जाण्याने होतं, कारण गावात पुन्हा उभं राहायचं असतं ते याच लोकांसमोर. म्हणून थांबायचं ठरलं तर ते या क्रमाने करा:

एक. आधी घरात सांगा, आकड्यांसकट.

दोन. देणेकऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. सगळं एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवा आणि लिहून द्या.

तीन. बँकेचं कर्ज असेल तर हप्ता थकायच्या आधी शाखेत जा. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत वर्गात जातं आणि पुढच्या कर्जाची वाट अवघड होते. तारण नसलेलं मुद्रा कर्ज पण फेडायचंच असतं, हे लक्षात ठेवा.

चार. जीएसटी नोंदणी असेल तर ती रीतसर रद्द करा. नुसतं दुकान बंद केलं तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावी लागतात, नाहीतर दंड चढत राहतो. रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं. फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, चालू खातं यांचं पण तसंच. आपल्या अकाउंटंटला विचारून यादी करा.

पाच. गिऱ्हाइकांना मेसेज पाठवा. आगाऊ घेतलेले पैसे परत करा. "इतके दिवस साथ दिलीत, आभार" एवढं लिहा. हीच माणसं तुमच्या पुढच्या धंद्याची पहिली गिऱ्हाइकं असतात.

सहा. यंत्रं, फर्निचर, भांडी वेळेत विका. गोडाऊनमध्ये पडलेला फ्रीज दर महिन्याला स्वस्त होत जातो.

आणि थांबल्यावर काय उरतं? पैलवानाच्या हातात तालमीत शिकलेला स्वयंपाक उरतो. निवृत्त पैलवानांनी चान्को नावाच्या सुमो जेवणाची हॉटेलं काढल्याची उदाहरणं जपानमध्ये भरपूर आहेत. म्हणजे जे काम तळाची पायरी म्हणून करावं लागलं, तेच पुढे धंदा झालं. तुमच्याकडे पण उरेल. माल कुठे स्वस्त मिळतो, कुठला गिऱ्हाईक उधार बुडवतो, चार माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. धंदा थांबतो, धंदा करणारा थांबत नाही.

आजचं काम

एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा.

पहिली: "या धंद्यात मी जास्तीत जास्त ______ रुपये घालीन." त्यात स्वतःच्या मेहनतीचे पैसे धरा.

दुसरी: "______ या तारखेपर्यंत सलग तीन हिशोबांत सातपैकी चार आले नाहीत तर मी थांबेन किंवा धंद्याची पद्धत बदलेन."

तिसरी: "______ ही गोष्ट मी पणाला लावणार नाही." राहतं घर, आईचे दागिने, मुलांच्या शाळेची फी, तब्येत, जे असेल ते.

खाली तुमची सही. आणि ज्याच्या खुराकावर तुमचा धंदा चाललाय त्याची पण सही घ्या. बायको असेल, नवरा असेल, वडील असतील. त्यांच्याकडे सही मागायला जाताना जर पाय जड झाले, तर समजा की हा कागद दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता. आजही उशीर झालेला नाही.

रेषा आखलेला माणूस उलट जास्त मोकळेपणाने लढतो, हे मी ट्रेनिंगमध्ये कितीदा बघितलंय. कारण त्याला माहीत असतं की हरलो तरी किती हरणार. मग तो घाबरून आधीच खाली बसत नाही. धडक देतो.

तुमच्या सातपैकी किती आले, ते कमेंटमध्ये नुसता आकडा लिहून सांगा. दोन आले तरी लिहा, लाजायचं नाही. ज्यांचे तीनच्या आत आहेत त्यांच्यासाठी पुढच्या व्हिडिओत 'एकच गोष्ट बदलायची असेल तर कुठली?' हा विषय घेतोय. वही तयार ठेवा.

भेटू लवकरच. धंदा करा, हिशोबाने करा!